रतनजोतीचं तेल

रतनजोतीच्या बियांचं तेल इंजिनात जाळलं तरी हवा बिघडत नाही, कारण जेवढा धूर निघतो तेवढा तीच झाडं पुन्हा पिऊन टाकतात. विज्ञानाचे निवृत्त शिक्षक केशव सरांनी हे आर्वीत इतक्या जणांना ऐकवलं, की शेवटी लाजेकाजेस्तव त्यांनाच तीन एकर रतनजोत लावावी लागली. लोडशेडिंगमुळे मोटार चालेना, म्हणून तीन उन्हाळे झाडांना डिझेल इंजिनानं पाणी दिलं. अखेर घाण्यावरून एक कॅन तेल आलं. सरांनी इंजिनाला हार घातला आणि ते ओतलं.

शेजारच्या शेतातला तानबा बघत उभा होता. त्याला सातवीत सरांनीच विज्ञानात नापास केलं होतं.

"सर, आता हे इंजिन चालवून काय कराचं?"

"रतनजोतीले पाणी देऊ."

"अन् रतनजोत कायच्यासाठी लावली?"

"इंजिनाच्या तेलासाठी."

तानबानं डोकं खाजवलं. "मंग दोन्ही नसते, तं धूर निघालाच नसता ना, सर?"

 

पंचवीस वर्षं उशिरा का होईना, सरांनी तानबाला विज्ञानात पास करून टाकलं.