वाकवलेली पेनी

गुनिल्डने सुताची पिशवी पुढे सरकवली. व्यापाऱ्याने चांदीच्या पेनीवर कात्री धरली.

"दोन अर्ध्या देतो. नाण्यावरच्या क्रुसाच्या रेघेवर बरोबर मधोमध कापतो, बघ."

"कापलेल्या तुकड्यांच्या कडा खरवडून तुम्ही चांदी काढून घेता. मला अख्खी हवी. कोंबडी घ्यायचीय."

व्यापारी हसला. त्याने गोल पेनी तिच्या तळहातावर ठेवली. गुनिल्डने ती दाताखाली धरून पाहिली. अख्ख्या हिवाळ्याची सूतकताई होती ती.

"वन्सं, चला ना आता," मागून भावजय साबिना म्हणाली, आणि तिथेच चिखलात कोसळली.

गुनिल्डने तिच्या कपाळाला हात लावला. भट्टीच. "मेले, सकाळी विचारलं तर म्हणालीस, नुसती दमलेय!"

साबिना बोलेना. डोळे उघडेनात. शेजारची मासेवाली पाणी घेऊन धावली. दोघींनी तिच्या ओठांना पाणी लावलं, ते गालावरून ओघळलं.

गुनिल्डने पेनी साबिनाच्या कपाळावर धरली. "संत ह्यू, हिला उठव. ही उठली की दोघी पायी टेकडी चढून तुझ्या समाधीला येऊ. ही पेनी तुझी." दोन्ही अंगठे टेकवून तिने ती मधोमध वाकवली.

"अगं, काय केलंस!" व्यापारी म्हणाला. "संताला बोललेली पेनी आता बाजारात कोण घेईल?"

"कोणी घेऊ नये म्हणूनच वाकवली."

साबिनाचे डोळे किलकिले झाले. "वन्सं... कोंबडी?"

"गप पड. मोठी आली कोंबडीवाली."

मासेवालीच्या हातगाडीवरून तिला घरी आणलं. चौथ्या पहाटे घाम सुटला, ताप उतरला. दुपारी तिने लापशी मागितली. गुनिल्डने चुलीकडे तोंड करूनच वाडगा मागे धरला.

तीन आठवड्यांनी दोघी नवस फेडायला निघाल्या. टेकडी उभी होती. निम्म्या वाटेवर साबिनाचा श्वास फुलला, पण ती थांबायचं नाव काढीना. वन्संपुढे थांबायची तिची छाती नव्हती.

"थांब गं," गुनिल्ड म्हणाली आणि धोंड्यावर बसून बूट काढून झटकू लागली. "बुटात खडा गेलाय."

साबिना शेजारी टेकली. वारा येत होता. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "निघाला का खडा?"

गुनिल्डने तिच्याकडे पाहिलं. ओठ अजून पांढरेच होते.

"नाही अजून," ती म्हणाली, आणि रिकामा बूट पुन्हा झटकू लागली.