धुक्याचा पत्ता

१९८७ साली, दुसरं सत्र संपत आलं तेव्हा, विद्यापीठाच्या विद्यार्थी साहाय्य केंद्रात एकच प्रकरण लोंबकळत राहिलं होतं.

"धुकं काही सापडत नाही, बाई," फोन आदळत चिमणी म्हणाली.

चिमणी म्हणजे केंद्रातली सहायिका. दिवसभर फोनवर चिवचिव करायची म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. धुकं हे नाव तिनंच ठेवलेलं. वर्गात येईनाशा झालेल्या मुलांची खरी नावं केंद्रात कोणी विचारायची नाहीत, असा केंद्र चालवणाऱ्या बाईंचा दंडक होता. नाव कळलं की घराणं कळतं, घराणं कळलं की वशिला आलाच. म्हणून प्रवेश विभागाकडून नुसता फोन नंबर यायचा आणि चिमणी त्याचं बारसं करायची. या पोराला कोणी पाहिलंच नव्हतं, म्हणून ते धुकं.

"घरचे काय म्हणतात?"

"ऐकूनच घेत नाहीत. 'विद्यापीठातून बोलतेय' म्हणेपर्यंत फोन खाली."

"शिकल्यासवरल्यांचं घर असणार," बाई म्हणाल्या. "अडाणी माणूस निदान ऐकून तरी घेतो."

सत्र संपायच्या आत पोर समोर आलं नाही, तर त्याचं नाव कापलं जाणार होतं. बाईंनी हे केंद्र एका अडगळीच्या खोलीतून उभं केलं होतं. तेव्हापासून त्यांच्या हातून एकही पोर गळलं नव्हतं, आणि ते त्या चारचौघांत सांगतही असत.

कपबशा उचलायला आलेला शिपाई दारात घुटमळला. "बाई, मागं एक पोर इथवर आलं होतं. पाटी वाचली आणि उभ्या पावली परतलं. हाक मारली तर पळालंच."

"पाटीला काय झालंय?"

"काही नाही. तुमचं नाव आहे की त्यावर, मोठ्या अक्षरांत."

"मग बरोबर आहे, घाबरलं असेल," चिमणी म्हणाली आणि तिघंही हसली.

विद्यापीठाचं ओझं बाई उंबऱ्याबाहेर उतरवून घरात शिरत. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांची रडगाणी ऐकलेली. घरी आल्यावर पुन्हा ते नको, म्हणून घरचा फोन नंबरही त्यांनी केंद्रात कोणाला दिला नव्हता. पालक पार दारापर्यंत यायचे, पण दारात असो की फोनवर, नको त्या माणसाला वाटेला लावण्यात सासूबाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं.

लेक त्याच विद्यापीठात गणित शिकत होती. ती वडिलांचं आडनाव लावायची, बाई माहेरचं. 'माझी मुलगी म्हणून तिथं कोणाला सांगायचं नाही,' हे बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. लेकही शहाणी. सकाळी डबा घेऊन निघायची, संध्याकाळी परत. तिला कधी 'अभ्यासाला बस' म्हणावं लागलं नाही.

त्या संध्याकाळी जेवताना तिनं विचारलं, "आई, तुझ्याकडे कशी मुलं येतात गं?"

"बुडायला निघालेली. वाढू का भात?"

"आणि त्यांना ओरडतेस?"

"ओरडून काय होणार? त्यांच्या घरी कोणाचं लक्ष नसतं, ती पोरं तरी काय करतील? तू नको असल्या गोष्टी डोक्यात घेऊस. जेव."

"हिला कसली काळजी?" सासूबाई म्हणाल्या. "आई घारीसारखी डोक्यावर आहे."

लेक हसली आणि ताट घेऊन उठली. ताटात अर्धा भात तसाच होता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी ठरवलं, आपणच त्या घरी जायचं. असं त्या क्वचितच करत. प्रवेश विभागातून पत्ता बंद पाकिटात येई आणि तो थेट ड्रायव्हरच्या हाती जाई, तोही त्यांचाच नियम. ड्रायव्हरकाकांनी पाकीट फोडलं, कागद वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"जायचं नक्की का, बाई?"

"नक्की म्हणजे? चला की."

"नाही... तुमच्याच बाजूला आहे, म्हणून म्हटलं."

"मग उत्तमच. काम झालं की मला तिथूनच घरी सोडा."

गाडी निघाली. बाईंनी डोळे मिटून घेतले, पण बोलणं थांबलं नाही. "काका, पोर इतके महिने वर्गात नाही आणि घरात कोणाला पत्ता नाही! कसली माणसं असतील हो? एका छपराखाली राहतात ना? आज त्या आईला अशी फैलावर घेते बघा, जन्मभर लक्षात ठेवेल."

काकांनी आरशातून एकदा मागं पाहिलं आणि गाडी आणखी हळू केली.

त्या दिवशी पुढं काय झालं ते केंद्रात कोणाला समजलं नाही. बाई परत आल्या नाहीत; आला तो त्यांचा राजीनामा. चिमणी त्यांच्या खुर्चीवर बसली आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिली. मुलांची नावं विचारायला तिनं पहिल्याच आठवड्यात सुरुवात केली. पाटी शिपायानं उतरवून जिन्याखाली ठेवली. पुढं तो आपल्या मुलाकडे राहायला गेला. धुक्याचं नाव कापलं गेलं. ते दूरच्या शहरात एका औषधाच्या दुकानात कामाला लागलं, घरी फारसं येत नाही, असं कुठून तरी कानावर आलं.

ड्रायव्हरकाका खूप थकले. शेवटच्या आजारपणात चिमणी भेटायला गेली, तेव्हा तिनं इतक्या वर्षांचा प्रश्न विचारून घेतला.

"काय सांगू पोरी," काका म्हणाले. "मी गाडी थांबवली. बाईंनी डोळे उघडले, बाहेर बघितलं आणि माझ्यावरच चिडल्या. 'अहो, मला आत्ताच घरी कशाला आणलंत? आधी त्या पोराकडे चला.' मी म्हटलं, 'बाई, कागदावर पत्ता हाच आहे.'"