शनिवारचे हात

मॅनेजरचा फोन आला तेव्हा लिबोर घरामागे, सरपणाच्या ढिगाशी उभा होता. शनिवारची ब्रनो शहरातली पिंजऱ्यातली लढत रद्द झाली होती. समोरच्या पोलिश फायटरचा गुडघा सरावात गेला, आणि इतक्या ऐनवेळी दुसरा कुणी पिंजऱ्यात उतरायला तयार नव्हता. उन्हाळ्यापर्यंत काहीतरी बघू, असं मॅनेजर म्हणाला. मागच्या खेपेला आयोजकाचंच दिवाळं वाजलं होतं, तेव्हाही तो असंच म्हणाला होता. त्याच्या आधी डॉक्टरने परवानगी दिली नव्हती, तेव्हाही. लिबोर चौतीस वर्षांचा होता. भांडायलासुद्धा कुणी सापडत नव्हतं.

तो वळसा घालून अंगणात आला. मोठ्या कढईखाली जाळ पेटला होता. आई लसूण सोलत होती. डुक्कर कापायचा दिवस म्हणून शेजारीपाजारी सकाळीच जमले होते आणि आलुबुखाऱ्याच्या दारूचे छोटे पेले हातोहात फिरत होते. लिबोरला कुणी पेला दिला नाही. शनिवारच्या लढतीसाठी त्याचं वजन उतरवणं चालू आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

दरवर्षी डुकराची दोरी लिबोर धरायचा. यंदा ती त्याच्या बापाच्या, व्रातिस्लावच्या हातात होती.

शेजारची बोझेना मावशी त्यावरूनच त्याला छेडत होती. "टीव्हीवर माणसांची नाकं फोडतोस, आणि इथे डुक्कर धरायला म्हातारा बाप?"

"त्याच्या हातांना आज सुट्टी आहे," व्रातिस्लाव म्हणाला. "लिबोर, खिशातून बाहेर काढलेस तर याद राख."

माणसं हसली. मग बोलणं शनिवारवर आलं. गावच्या अग्निशमन मंडळाने बस ठरवली होती आणि ती भरली होती. व्रातिस्लावने खिडकीजवळची जागा घेतली होती. पोरगा टीव्हीवर लढायला उतरला की हा माणूस इतकी वर्षं उठून कोंबड्यांना दाणे घालायला जायचा. यंदा पहिल्यांदाच तो समोर बसून बघणार होता. त्यासाठी त्याने लग्नकार्याचा कोट धुवायला टाकला होता, आणि ते बोझेना मावशीने सगळ्यांना सांगून टाकलं.

लिबोर बापाजवळ गेला.

"बाबा, दोरी मला द्या."

"का?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. आई लसणाची पाकळी हातात धरून थांबली होती.

"असंच," लिबोर म्हणाला.

"असंच म्हणे," व्रातिस्लाव हसला आणि त्याने दोरीचा वेढा आपल्या उजव्या हाताला घातला. मग आणखी एक घातला.

खाटीक शिमिचेक पिस्तुलात गोळी भरत होता. त्याने मान वर केली. दोरी गुंडाळू नकोस, नुसती मुठीत धर, असं तो दरवर्षी सगळ्यांना सांगायचा आणि आताही त्याने सांगितलं. गावातल्या म्हाताऱ्यांना तसं धरवत नसे. त्यांच्या बापांनी गुंडाळली होती, म्हणून तेही गुंडाळायचे. व्रातिस्लाव म्हणाला, तू कामाला लाग, मी तुझ्या जन्माआधीपासून डुकरं धरतोय.

डुकराच्या खोपटाचं दार उघडलं. डुक्कर शहाण्यासारखं दोन पावलं बाहेर आलं, उभं राहिलं, आणि एकदम फाटकाकडे उधळलं. अंगणात बर्फ होता. व्रातिस्लाव घसरत ओढला गेला. दोरी फाटकाच्या खांबाला अडली, हात तिच्यात तसाच राहिला आणि डुक्कर खेचतच होतं.

लिबोर धावला. त्याने दोरीला हात घालायच्या आत बाप ओरडला, "तू नको. मागे हो."

आणि लिबोर थांबला. वर्षानुवर्षं तो लढताना कोपऱ्यातून आलेला प्रशिक्षकाचा आवाज ऐकत आला होता. आवाज मागे हो म्हणाला की पाय मागे व्हायचे. तेवढ्यात शेजाऱ्यांनी डुकराचे कान धरले आणि शिमिचेकने गोळी घातली.

आईने सुरीने दोरी कापली. मनगट भलतीकडेच वळलं होतं आणि बघताबघता सुजत होतं. कुणीतरी गाडी आणायला पळालं. व्रातिस्लाव लाकडाच्या ओंडक्यावर बसला, तोंड पांढरंफटक. बोझेना मावशीने दिलेला पेला त्याने डाव्या हाताने घेतला आणि एका घोटात संपवला.

लिबोर त्याच्यापुढे उकिडवा बसला. "बाबा, शनिवारी..."

"शनिवारी येणारच मी. प्लास्टर घालून येईन. टाळ्या वाजवता येणार नाहीत, तर ओरडेन."

लोक पुन्हा हसले, या वेळी जरा जपून. व्रातिस्लाव त्यांच्याकडे बघून म्हणाला, "बरं झालं, दोरी माझ्याकडे होती. याचा हात गेला असता म्हणजे?"

शिमिचेकने मान डोलावली. कुणी लिबोरच्या पाठीवर थाप मारली.

गाडी फाटकाशी आली. व्रातिस्लाव उठायला गेला आणि लटपटला. लिबोरने काखेत हात घालून त्याला धरलं. बापाने धड हाताच्या कोपराने त्याला दूर ढकललं.

"सोड. जड आहे मी. हात सांभाळ."