दांडीवरून

झ्वोन्को चेंडू ठेवायला वाकला, पण डावा गुडघा काही वाकायला तयार होईना. शेवटी त्यानं चेंडू पायानंच लोटत पेनल्टीच्या ठिपक्यावर आणला. गोलमागच्या स्टँडमधून कुणीतरी हसलं. हसून घ्या, तो मनात म्हणाला. आजच्या दिवस हसून घ्या.

सामन्याचं मध्यंतर होतं. रिव्हर किंग्ज क्लबाची पन्नाशी म्हणून पहिल्या संघातल्या हयात खेळाडूंना आमंत्रण गेलं होतं. हयात होते तिघे. एकाला प्रवास झेपत नव्हता, दुसरा फ्लोरिडाचं ऊन सोडून ओहायोच्या गारठ्यात यायला राजी नव्हता. राहिला झ्वोन्को. रिकाम्या गोलात म्हाताऱ्यानं एक चेंडू मारायचा, लोकांनी टाळ्या वाजवायच्या, एवढाच बेत.

"गोलच्या दांडीवरूनच मार हं, ताता," मैदानात उतरताना मुलगी, मिर्याना, म्हणाली होती. "सगळं गाव त्यासाठी आलंय."

"मी जाळ्यात मारणार."

"उगाच हट्टाला पेटू नकोस."

"हट्ट कसला? तिकडे मायदेशी, स्प्लिटला मी गोल मारायचो तेव्हा बंदरावरचे हमाल काम टाकून नाचायचे. आणि इथं मला ओळखतात कशासाठी? हुकलेल्या पेनल्टीसाठी!"

खोटं नव्हतं ते. क्लबाच्या पहिल्याच सामन्याला पोलाद कारखान्यातली माणसं बायकापोरांसकट हा परदेशी खेळ बघायला आली होती. त्यांचा अमेरिकी फुटबॉल निराळा. त्यात लंबगोल चेंडू दांडीच्या वरून मारला की गुण मिळतात आणि पंच दोन्ही हात सरळ वर करतो. किंग्ज एका गोलानं मागे होते, शेवटच्या मिनिटाला पेनल्टी मिळाली, आणि झ्वोन्कोनं चेंडू पार आभाळात धाडला. त्यानं शरमेनं तोंड झाकलं, तर काय, सगळं स्टँड दोन्ही हात वर करून उभं! लोक कुंपणावरून आत घुसले आणि त्याला खांद्यावर घेऊन मैदानभर नाचले. आपण हरलोय, हे सांगण्याइतकं इंग्रजी तेव्हा त्याच्याकडे नव्हतं.

एका हंगामासाठी आलेला माणूस मग परत गेलाच नाही. गाव हळूहळू शहाणं झालं, ऑफसाइडवरून पंचांशी भांडायला लागलं, पण ती खोड काही सुटली नाही. आपल्या माणसानं दांडीवरून मारला की हात वर. पुढे क्लब बुडाला, त्याच्यामागून कारखाना बुडाला, तरी शाळेच्या मैदानांवर पोरं हात वर करतच राहिली. अलीकडे कुणी पैसेवाल्यांनी क्लब पुन्हा उभा केला, तेव्हा नव्या खेळाडूंना वाटलं, लोक आपली टर उडवताहेत. झ्वोन्कोला तर पहिल्यापासूनच तसं वाटत आलं होतं. बारमध्ये तो सगळ्यांबरोबर हसायचा आणि घरी जाताना त्याला वाईट वाटायचं.

म्हणून त्यानं आठवडाभर गॅरेजच्या दारावर सराव केला होता. दाराचा रंग उडाला, पण नेम बसला.

त्यानं श्वास घेतला, तीन पावलं टाकली आणि मारला. चेंडू जमिनीलगत सरसरत गेला तो थेट डाव्या कोपऱ्यात. जाळं हललं. देखणा गोल होता.

बक्षीस समारंभात पाहुण्यांना मिळतात तशा टाळ्या पडल्या. झ्वोन्को लंगडत आपला चेंडू आणायला गोलात गेला. मागेच, पहिल्या रांगेत, मांडीवर चौकड्यांचं ब्लँकेट घेऊन डॉट्टी बसली होती. ती बारची मालकीण. पहिल्या सामन्यात सगळ्यात आधी उभी राहिली होती, तीही हीच.

"झाला का सराव?" ती ओरडली. "आता खरी मार!"

सगळं स्टँड हसलं.

"डॉट्टी, गोल होता तो! गोल!"

"असेल की. गोल काय, कुणीही मारतं." तिनं ब्लँकेट सारखं केलं. "माझा फ्रँक सबंध आयुष्यात एकदाच नाचला, झ्वोन्को. लग्नातसुद्धा खांबासारखा उभा होता मेला. नाचला तो तुझ्या त्या बॉलवर."

"त्याला कुठं माहीत होतं आपण हरलोय ते!"

"दुसऱ्या दिवशी कारखान्यात कळलं की. सगळ्यांनाच कळलं. म्हणून काय झालं? नाचलो ते नाचलोच."

झ्वोन्कोनं जाळं धरून कसाबसा चेंडू उचलला. तो चेंडू छातीशी धरून परत आला. मिर्याना त्याच्या मदतीला मैदानात आली होती. तिनं चेंडू घेतला आणि ठिपक्यावर नीट ठेवला.

त्यानं मान वर करून दांडीकडे पाहिलं. जमिनीलगत मारणं वेगळं. उचलून मारायचं तर सगळा भार त्या गुडघ्यावर येणार. आता मात्र त्याला खरीच भीती वाटली.

"मिर्याना, वरून नाही गेला तर?"

"मग गोल होईल, ताता," ती म्हणाली. "फार तर काय?"

त्याला हसू आलं. डोळे भरलेत हे तिला दिसू नये म्हणून तो घाईनं मागे सरला, नेहमीपेक्षा दोन पावलं जास्तच. समोर खुर्च्या खडखडल्या. त्यानं पाहिलं तर डॉट्टी उभी होती, तिच्यामागे म्हातारे उभे होते, आणि त्यांच्यामागे ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता ती पोरंही.

त्यानं अजून चेंडू मारलाही नव्हता. दांडीच्या वर, स्टँडभर, हात आधीच वर गेले होते.