डेगाची घरघर

१९६८च्या संक्रांतीला पंधरा दिवस असताना आंध्रातल्या तणुकूजवळच्या आमच्या गावात कोंबड्यांना शिंका-खोकल्याची साथ आली. यजमानांचा झुंजीचा कोंबडा डेगाही घरघरू लागला. मी त्याला बाकीच्यांपासून वेगळा, उबेत ठेवला, नाक पुसलं, लसूण-हळद भरवली. भोगीपर्यंत तो ठणठणीत झाला. पण आता पायाला सुरी बांधून त्याला संक्रांतीच्या झुंजीसाठी रिंगणात सोडायचं माझ्या जिवावर आलं. हरलेल्या कोंबड्याचं त्याच दिवशी कालवण होतं.

"घरघर थांबली का गं?"

"छे हो, वाजतेय अजून."

"बघू." यजमानांनी डेगाच्या छातीला कान लावला. तेवढ्यात स्पष्ट ऐकू आलं, घर्र... घर्र...

"नायना, असला दमेकरी नेलास तर गाव हसेल हो तुझ्या मिशीला," सासूबाई दाराआडून लेकाला म्हणाल्या.

यजमान पाय आपटत एकटेच झुंज बघायला गेले.

डेगा पुढे सहा वर्षं जगला. यजमान झुंजी सोडून पत्त्यांत रमले. सासूबाईंनी नव्वदी गाठली. त्या दिवशी दाराआडून घरघर काढली तेवढीच. एरवी त्यांना कधी साधी शिंकही आली नाही.