मारिलागच्या इतिहासातली एक ओळ

"आधी सही कर, मग मर हवा तेव्हा," असं म्हणत युफेमियोने कागद म्हाताऱ्याच्या ताटाशेजारी आपटला.

पोलिकार्पोने मान वर केली नाही. सुक्या मासळीचा तुकडा आंबट शिरक्यात बुडवून त्याने भाताबरोबर सावकाश खाल्ला. मारिलाग जहाजाच्या मागच्या टोकाला, नांगराचा दोर गुंडाळायच्या गंजलेल्या रहाटाशेजारी, तो रोज इथेच जेवायचा. जहाज नावोतास बंदरात मोडीत निघालं होतं आणि भंगारवाल्याने राखणदार म्हणून यालाच ठेवलं होतं. रहाटावरच्या पितळी घंटेला तो अजून दर रविवारी तेल घालायचा.

"कसला कागद?"

"शनिवारी नौदल या डबड्याचा निरोपसमारंभ करतंय. जहाजाचा इतिहास छापतायत. ओकिनावाला रणगाडे उतरवले, कोरियात सैन्य नेलं, मग जुनं झाल्यावर आमच्या नौदलाकडे आलं. सगळं गोड गोड! आणि चौऱ्याहत्तरची, बंडखोरांच्या गोळीबाराची ती सकाळ? 'तांत्रिक कारणाने तेरा जवान किनाऱ्यावर राहिले.' तांत्रिक कारण! तेराच्या तेरा मेले. तुझं नाव तांत्रिक कारण आहे का रे?"

"नाव काय ते तुला ठाऊक आहे. एकतीस वर्षं शिव्या घालतोयस."

खरंच घालत होता. मारिलाग किनाऱ्यात नाक खुपसायची, तोंडाचं दार उघडून रणगाडे उतरवायची. त्याआधी मागे खोल पाण्यात नांगर टाकलेला असायचा. परत निघताना रहाटावर त्याचा दोर गुंडाळला की जहाज आपोआप मागे ओढलं जायचं. तो रहाट पोलिकार्पोच्या हातात होता आणि त्या सकाळी त्याने तो लवकर फिरवला. चौकशीत तेच ठरलं. नौदलातली नोकरी गेली.

"मांडीत गोळी होती माझ्या," युफेमियो म्हणाला. आवाज चढला होता. "अन्सेल्मोदादाने मला पुढे ढकललं. 'पळ, मी आलोच,' म्हणाला. दार शेवाळलेलं, घसरलो, हाताला लागेल ते धरून कसाबसा आत पडलो. वळून बघतो तर जहाज सुटलेलं! दादा कमरेएवढ्या पाण्यात हाका मारत होता. वीसच पावलं, म्हाताऱ्या. वीस पावलं थांबवेना तुला?"

"इथून दार दिसतं का? तूच बघ. तीनशे फूट लांब आहे. टेलिफोन आमचा सदाचा मुका, म्हणून दारापासून इथवर, या घंटेपर्यंत, दोरी ओढली होती. सगळे आत आले की दारावरचा शिपाई बालिंगित ती ओढून घंटा द्यायचा. घंटा झाली की रहाट. घंटा झाली."

"बालिंगित तर आधीच मेला होता! मेलेला माणूस घंटा वाजवतो?"

"चौकशीतही हेच विचारलं." पोलिकार्पोने ताट बाजूला सारलं. "माझ्या बायकोनेही विचारलं. मरेपर्यंत विचारत होती."

"खोटारडा!"

"असेन. आई आहे का रे तुझी?"

युफेमियोला हे अनपेक्षित होतं. "आहे. नव्वदीची. अजून दादाचं ताट वाढते. कोणी मारलं ते एकदा कागदावर येऊ दे, मग डोळे मिटते, म्हणते."

म्हाताऱ्याने कागद पुढे ओढून वाचला. *घंटा झाली नसताना मी रहाट फिरवला. घाबरलो होतो.* एवढंच लिहिलं होतं. मग त्याने सदऱ्याला बोट पुसलं, पेन मागितलं आणि लहान मुलासारखं एकेक अक्षर काढत सही केली.

"तुझ्यासाठी नाही. त्या माउलीसाठी. माझ्या नावाला रडणारं आता कोणी उरलं नाही. घे आणि चालता हो. पुन्हा तोंड दाखवू नकोस."

युफेमियोने कागद खिशात घातला. एवढ्या वर्षांची आग आज निवायला हवी होती, पण निवली नाही.

"होडी कुठाय?"

"ओहोटी लागली, होडी गेली. पुढच्या दाराने चिखलात उतर. उघडंच आहे."

तो शिडीने खाली उतरला. रणगाड्यांच्या रिकाम्या, लांबलचक पोटातून लंगडत चालू लागला. तो या जहाजात त्या सकाळनंतर पहिल्यांदाच आला होता. जुनी मांडी ठणकत होती. आईला आधी काय सांगायचं, कागद वाचून दाखवायचा की नुसतं नाव सांगायचं, याचाच तो विचार करत होता.

पुढचं दार चिखलावर टेकलं होतं. त्यावर हिरवं शेवाळ माजलेलं होतं. दुसऱ्याच पावलाला त्याचा पाय सटकला.

हात आपसूक डावीकडे, वर गेला. न बघता. तिथे दोरी होती. मुठीला ओळखीची वाटली ती, हीच जाडी, हीच गाठ. जीव खाऊन तो तिला लोंबकळला आणि सावरला.

मागे, लांब, जहाजाच्या दुसऱ्या टोकाला घंटा वाजली.