रुमालातली व्यक्ती

मासिकाच्या रहस्यकथा विशेषांकात एकच जागा उरली होती. धाकट्या भावाने काउबॉयच्या गावातली खुनाची कथा संपादक बहिणीच्या टेबलावर ठेवली. पहिलं पान वाचून तिने कागद परत सरकवले. “गुत्त्याच्या मालकिणीने मारलंय.” “ताई, शेवट आधी वाचलास?” “गरजच काय? शेरीफ आला, लोहार आला, दारुडा आला. गोळी झाडून गेली ती मात्र तोंडाला रुमाल बांधलेली ‘व्यक्ती’. पुरुष असता तर तू सरळ ‘गेला’ लिहिलं असतंस. गावात बाई एकच.” “मग मराठीत लपवायचं कसं?” “आणखी चार बायका घालायच्या, शहाण्या! घोडे तेवढे डझनभर घातलेस.” “पण मी सासुरवाडीत सांगून बसलोय, कथा छापून येतेय म्हणून!” “येईल की. विनोदी पानावर.” त्याने कागद पुन्हा तिच्यापुढे सरकवले. मग घसा खाकरून म्हणाला, “नाव ठळक अक्षरात येईल ना?”